गोळ्यांचा वानवळा

"आज मी हात देणार न्हाई," साळुबाई म्हणली आन् तिनं दोन्ही हात पदराखाली घेऊन घट्ट दाबून धरले.

तिच्या ओट्यावर सुनील बसला व्हता. हा पस्तिशीचा गडी आमच्या वाडीत दर तीन महिन्यांनी येऊन माणसांचं प्रेशर मोजायचा. पुण्याच्या एका संशोधनवाल्या संस्थेनं त्येला ठेवला व्हता. मांडीवर पट्ट्याचं मशीन, बाजूला टॅब, कपाळावर घाम. मीच त्येला जीपनं आणला आन् मलाच परत सोडायचा व्हता, म्हणून मी बी तिथंच चुळबुळत उभा.

"मावशी, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त मोजायचंय."

"मोजलं की. संक्रांतीला मोजलं, पाडव्याला मोजलं, नागपंचमीला मोजलं. आता दसरा आला. अरं बाबा, आमी भात सुदिक इतक्या येळा मोजत न्हाई. मोजून तू करतोस काय त्येचं?"

"लिहून घेतो."

"आन् मंग?"

"मग पुण्याला पाठवतो."

"आन् पुण्यावाले काय करत्यात?"

सुनीलनं जरा इचार केला. गडी खोटं बोलणारा नव्हता. "ते पण लिहून घेतात," तो म्हणला.

साळुबाईचा नवरा चांगदेव दारात इळ्याला धार लावत बसला व्हता, त्येला हसू फुटलं. बायकोनं एकदा वळून बघितलं आन् त्येनं परत इळ्यात तोंड घातलं. शेवटी मीच म्हणलं, "वैनी, द्या हात. मला मंचरची खेप हाय." माझ्या तोंडाकडं बघून तिनं हात दिला. मशीन फुगलं, कुईकुई केलं, आन् आकडा आला: एकशे नव्वद, खाली एकशे दहा. सुनीलनं आकडा टॅबात घातला, पिशवीतनं एक छापील चिठ्ठी काढली आन् तिच्या हातात दिली. तिच्यावर लिहिलेलं व्हतं, 'जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे.' साळुबाईनं ती आत नेऊन देव्हाऱ्यामागं खोचली. तिथं आधीच्या तीन व्हत्याच.

आता मी कोण ते सांगतो. मी दस्तगीर. डिंभ्याच्या धरणाच्या वरल्या अंगाला आमची उंबरदरा वाडी. माझा आज्जा जुन्नरचा नालबंद. बैलांला पत्र्या ठोकायला हितं आला आन् हितलाच झाला. बैल गेले, मी जीप घेतली. वाडी ते घोडेगाव, घोडेगाव ते मंचर. यष्टीचा काय भरवसा न्हाई, म्हणून आजारी, बाळंतीण, ताप आलेलं लेकरू, सगळं माझ्याच जीपमधनं जातं. कुणाला काय झालंय ते डाक्टराच्या आधी मला कळतं. त्येच्यामुळं माझं डोकं जरा तापलेलं असतंय, तेवढं समजून घ्या.

आमच्या वाडीच्या मधनं ओढा जातो. अल्याड वरली आळी, पल्याड खालली. मी वरल्या आळीचा. संशोधनवाले पयल्यांदा आले तवा त्यांनी शाळेत समद्यांला बसवून सांगितलं, की दोन वर्सं अभ्यास करायचा. प्रेशरची माणसं शोधायची. अर्ध्यांला घरपोच गोळ्या द्यायच्या, अर्ध्यांला न्हाई, आन् मंग कुणात काय फरक पडतो ते बघायचं. आमच्यासारख्या वीस वाड्यांत हे चाललं व्हतं. आमच्या वाडीत प्रेशरवाली अठ्ठावीस माणसं निघाली. चौदा वरल्या आळीत, चौदा खालल्या. कुणाला गोळ्या द्यायच्या ते कंप्युटरनं चिठ्ठी टाकून ठरवलं. वरली आळी निघाली.

"कंप्युटर वरल्या आळीतल्या कुणाच्या भावकीतला हाय का?" खालल्या आळीच्या एका म्हाताऱ्यानं तवाच इचारलं व्हतं. सुनील म्हणला, तो कुणाचाच न्हाई, म्हणून तर त्येच्याकडनं चिठ्ठी काढली. म्हातारा म्हणला, ज्येचं कुणी न्हाई त्येच्या हातात वाटणी देऊ ने.

मंग खालल्या आळीला काय, आसं इचारल्यावर सुनीलनं कागद वाचून सांगितलं, "तुम्ही तुलना गट. तुम्हाला नेहमीची सेवा मिळत राहील."

नेहमीची सेवा म्हंजी काय, तर आमाला नेहमी मिळती ती. आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर. तिथं डाक्टर मंगळवारी. मंगळवारी गेलं की डाक्टरांची मिटिंग. मिटिंग नसली की गोळ्या वरनं आलेल्या नसत्यात. साळुबाई माझ्या जीपनं पाच येळा गेली. एकदा आठ दिसांच्या गोळ्या मिळाल्या, बाकी चार येळा हात हालवत आली. तिची आई प्रेशरनंच गेली व्हती, भात झोडता झोडता, खळ्यात. म्हणून तिला भ्या व्हतं. वरनं हसायची, पण जीपमधनं येताना तिचा हात सारखा मानेमागं जायचा.

आन् वरल्या आळीत बघा. साळुबाईची सख्खी धाकटी भैण सारजाबाई ओढ्याच्या अल्याड दिलेली, माझ्या घरापासनं तिसरं घर. तिला घरपोच गोळ्या. वर सात खणांची प्लास्टिकची डबी, सोमवार मंगळवार लिहिलेली. तिचं प्रेशर एकशे पंचावन्न. साळुबाईचं एकशे नव्वद. याला म्हणत्यात दुखणं हल्याला आन् इंजिक्शान पखालीला.

दसऱ्याच्या त्या भांडणाचं सारजाबाईच्या कानावर गेलं.  आन् चार दिसांनी आमच्या घरात मला एक गोष्ट दिसली.

माझी बायको रहिमाबी. ती बी त्या वरल्या चौदांत व्हती. मी कात्री शोधत व्हतो आन् कात्री सापडली गोळ्यांच्या पाकिटाजवळ. पाकीट मधनं कापलेलं. अर्ध्या गोळ्या गायब.

"गोळ्या कुठं गेल्या?" मी इचारलं. घरात आमी आमच्या बोलीत बोलतो, तुमाला मराठीत सांगतो.

"पल्याड दिल्या. सुताराच्या म्हातारीला."

"दिल्या? गोळ्या काय वाटायची चीज हाय?"

"मंग खरवस वाटतो, शिरखुर्मा वाटतो, पयल्या शेंगा वाटतो. गोळ्या तेवढ्या एकट्यानं खायच्या?" ती पीठ मळत व्हती, तिनं मान सुदिक वर केली न्हाई. "म्हातारीनं नव्या घेवड्याचा वानवळा धाडला व्हता. ताट रिकामं कसं देऊ?"

आता वानवळा आमच्याकडं कसा, ते सांगतो. घरात नवं काय आलं, म्हंजी पयला घेवडा, पयल्या कैऱ्या, नवा तांदूळ, म्हस व्याली तर चीक, की त्येतलं थोडं सोयऱ्यांच्या, शेजाऱ्यांच्या घरी जातं. त्येला वानवळा. आन् ज्या भांड्यातनं वानवळा येतो ते भांडं रिकामं परत द्यायचं न्हाई. काय नसलं घरात तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं न्हाई. हे कुणी शिकवत न्हाई, हे आईच्या दुधातनं येतं.

मी तणतणत सारजाबाईकडं गेलो. तर तिनं बी तेच केलेलं. रोजची गोळी इळीवर मोडून अर्धी सोता खायची, अर्धी नव्या तांदळाच्या वाटीतनं थोरल्या भैणीला. मंग मी आळीत फिरलो. चौदाच्या चौदा घरांत तीच कथा. कुणी वाटीत, कुणी भाकरीच्या घडीत, कुणी धुण्याच्या पिळ्यात. वरल्या आळीला आलेलं औषद सरळ ओढा वलांडून खाली चाललं व्हतं, आन् सुनीलला पत्ता न्हाई.

"अगं बायांनो, सायबाला कळलं तर तुमचं बी बंद व्हईल," मी म्हणलं.

"कोण सांगणार हाय?" सारजाबाई म्हणली. "तुमी?"

मी कशाला सांगतोय.

त्येच्यापुढं सुनीलची जी गत झाली ती बघण्यासारखी व्हती. संक्रांतीला आला, वरली आळी मोजली. ज्यांचं उतरायला पायजे त्यांचं पुरतं उतरंना. खालली आळी मोजली, तर ज्यांला गोळीच न्हाई त्यांचं उतरलेलं. साळुबाईचं एकशे साठ. त्येनं सेल बदलले. मशीन बदललं. माझं प्रेशर मोजून बघितलं, स्वतःचं मोजलं, चांगदेवाच्या बैलाच्या मानेला तेवढा पट्टा बांधायचा राह्यला. शेवटी ओट्यावर बसून म्हणला, "मावशी, तुम्ही काही वेगळं खाता का?"

"न्हाई बाबा," साळुबाई म्हणली. "भैणीकडचं तांदळाचं येतं तेवढं."

त्येनं तांदूळ लिहून घेतला.

हे आसं वरीसभर नीट चाललं आसतं. पण श्रावणात झड लागली. सात दिस, सात रात्री थांबली न्हाई. आभाळ वाडीवर टेकलं, भाताच्या खाचरांचे बांध दिसंनात, भितींला ओल चढली. तिसऱ्या दिशी ओढ्यावरचा साकव गेला. पाणी आसं लाल, आसं जोरात, की काठावर उभं राह्याला बी माणूस धजंना. दोन्ही आळ्यांत वाट न्हाई राह्यली.

पाचव्या दिशी सारजाबाई माझ्या दारात आली, इरल्यातनं पाणी निथळतंय. "दस्तगीरभाऊ, आक्काच्या गोळ्या संपल्या असतील. तुमचा हात लांब जातो. फेका."

तिनं गोळ्या प्लास्टिकात गुंडाळून दगडाला बांधल्या व्हत्या. मी काठावर गेलो. पल्याड चांगदेव हात पसरून उभा. पयला दगड ओढ्यात गेला. दुसरा त्येच्या खाचरात, गुडघाभर चिखलात, आन् तो बिचारा चिखलात हात घालून चाचपत बसला, काय घावंना. तिसरा मी जीव खाऊन फेकला, तो त्येच्या खांद्यावर बसला. त्येनं तो उचलला, कपाळाला लावला. पण मंग तो हलंना. तिकडनं ओरडून त्येनं काय सांगितलं ते पाण्याच्या आवाजात ऐकू येईना. चौथ्यांदा ऐकू आलं.

"पडली," तो सांगत व्हता. "सकाळी बांधावर पडली. तोंडातनं बोल फुटंना."

खालल्या आळीच्या चौघांनी तिला बाजेवर घातली आन् मागल्या डोंगरानं, घसरत, धरत, रस्त्यावर नेली. तिथनं एका पिकअपनं तालुक्याला. माझी जीप अल्याड उभी. वाडीतल्या समद्या दुखण्यांला नेणारी माझी जीप, आन् त्या दिशी मी ओढ्याच्या काठावर नुसता उभा. सारजाबाई माझ्या शेजारी खाली बसली आन् तिनं तोंडात पदर कोंबला. मला बी रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सहा दिसांनी साळुबाई घरी आली. वाचली. डाक्टर म्हणले, गोळ्या बंद झाल्यानं झालं, आता एक दिस चुकवायचा न्हाई. जीभ सरळ झाली, पण डाव्या हाताची दोन बोटं ढिली राह्यली ती राह्यलीच. पोलक्याची बटणं तवापासनं चांगदेव लावतो. सुनील दसऱ्याला आला तवा ती बोटं बघून त्येचं तोंड एवढंसं झालं. पण टॅबात बोटांसाठी रकाना नव्हता.

दोन वर्सं झाली आन् अभ्यास संपला. चैतात निकाल सांगायला मोठे डाक्टर सायेब सोता आले. डाक्टर प्रितम. पन्नाशीचे, चष्मा, गोरे, मूळचे नारायणगावचे. तिथल्या धरमचंद शेटचं किराणा दुकान कुणाला ठाऊक न्हाई, त्येंचाच हा मुलगा. गाडी खाली चढावर तापून बंद पडली, म्हणून सायेब दोन किलोमीटर उन्हातनं चालत वर आले. बैठक शाळेत. शाळा खालल्या आळीत, वर पत्रा, आत माणसं भाजून निघाल्याली.

सायबांनी भितीवर एक तक्ता लावला. दोन रेघा, एक लाल, एक निळी. दोन्ही एकमेकीला चिकटून चाललेल्या.

"वीसही वाड्यांत हेच आलंय," सायेब म्हणले. आवाज थकल्याला व्हता. "ज्यांना गोळ्या दिल्या आणि ज्यांना नाही दिल्या, त्यांच्यात काहीच फरक नाही. म्हणजे घरपोच गोळ्या देऊन उपयोग होत नाही, असं सिद्ध झालंय. त्यामुळे हा कार्यक्रम इथेच थांबतोय."

 वरल्या आळीच्या बाया खालल्या आळीच्या बायांकडं बघाय लागल्या. सांगितलं तरी गोळ्या बंद, न सांगितलं तरी बंद. मी मनात म्हणलं, आपण वाटून खाल्ल्या आन् आपल्याच वाटून खाण्यानं आपलं औषद खोटं ठरलं. मला आसा राग आला व्हता, की कुणावर काढावा ते कळंना.

साळुबाई उभी राह्यली. डावा हात पदरात. "सायेब, फरक कसा पडंल?" ती म्हणली. "आमी वाटून खाल्ल्या."

"काय वाटून?"

"गोळ्या. अर्धी वर, अर्धी खाली. वानवळा यायचा की भैणीकडनं."

सायबांनी सुनीलकडं बघितलं. सुनीलनं जमिनीकडं बघितलं.

"सगळ्यांनी?" सायेब म्हणले.

"समद्यांनी. माझी मावळण दोन डोंगर सोडून हाय, तिच्या वाडीत बी तुमचंच मशीन येतं. तिथं बी आसंच."

सायेब खुर्चीवर बसले. "ही भेसळ झाली," ते हळू म्हणले. "आमच्या कामात याला भेसळ म्हणतात. दोन वर्षांचं काम गेलं."

"भेसळ?" सारजाबाई ताठ झाली. "सायेब, दुधात कधी पाण्याचा थेंब घातला न्हाई आमी."

"तसं नाही हो. दोन गट वेगळे राहायला हवे होते. एकाचं दुसऱ्यात जायला नको होतं." सायबांनी कपाळ पुसलं आन् माझ्याकडं वळले, मी डायव्हर म्हणून. "तुम्ही सगळीकडे फिरता. या भागात असं एखादं गाव आहे का, जिथे कुणी कुणाला काही देत नाही?"

मी नीट इचार केला. डिंभे, घोडेगाव, मंचर, पार निमगाव सावापातूर नजरेखालनं घातलं. "या भागात न्हाई सायेब," मी म्हणलं. "तुमच्या पुण्यातली बिल्डिंग बघा एखादी."

माणसं हसली. सायेब बी हसायला गेले, पण हसता हसता त्येंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी टेबलाचा कोपरा धरला. मी पळत जाऊन त्यांला भितीला टेकवलं. सुनीलनं पट्टा बांधला. मशीन कुईकुई केलं. एकशे ब्याण्णव.

"गोळी घेता का सायेब रोज?" मी इचारलं.

"घेतो. काल घाईत पुण्यालाच राहिली." सायेब डोळे मिटून बोलले. "चाललो ना उन्हात."

सुनीलचा हात टॅबावर गेला. दोन वर्सांची सवय. "टॅब पुढं जाईना," तो पुटपुटला. "गट विचारतोय."

"शाळा खालल्या आळीत हाय," चांगदेव म्हणला. "खालला गट."

बोटानं दाबलं आसंल त्येनं, सवयीनंच. मंग पिशवीत हात घातला आन् छापील चिठ्ठी काढून सायबांच्या हातात दिली. सायबांनी डोळे उघडून वाचली: 'जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे.' ती चिठ्ठी त्यांनीच छापून घेतल्याली आसणार. खाली सही त्येंचीच व्हती.

"आज वार कोणता?" त्यांनी इचारलं.

"गुरुवार," मी म्हणलं. "डाक्टर मंगळवारी आसत्यात."

त्यांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. 

तवर साळुबाईनं कनवटीची डबी काढली. पत्र्याची, तळहाताएवढी, मिसरीची. बोटं ढिली झाल्यापासनं तिनं मिसरी सोडली व्हती आन् त्या डबीत गोळ्या ठेवायची. सारजाबाईनं त्या डबीचं झाकण काढून दिलं. आत कापलेल्या पाकिटाचे चार तुकडे, पाच गोळ्या. तिच्याकडच्या शेवटच्या पाच.

"बघा, हीच का तुमची?" तिनं इचारलं.

सायबांनी पाठीमागचं बारीक नाव वाचलं. "हीच. मी हीच घेतो. पण मावशी, या तुमच्या आहेत. तुम्हाला लागतील."

"घ्या. घरात आलेलं एकट्यानं खाल्लं तर पचत न्हाई."

त्यांनी एक घेतली, पाण्यासंगं गिळली. वीस वाड्यांतल्या भेसळीवर हळहळणारा माणूस आमच्या देखत भेसळीत गेला. तासाभरानं रंग परत आला. निघताना साळुबाईनं उरलेल्या चारातल्या दोन गोळ्या डबीत राहू दिल्या आन् डबी त्येंच्या खिशात घातली. "वाटेला लागतील. आन् डबी तेवढी परत धाडा सायेब. आमच्यात डबी रिकामी येत न्हाई."

शेवटलं वाक्य तिनं लई सहज म्हणलं. मला तवा त्येच्यात काय दिसलं न्हाई. मीच त्यांला जीपनं नारायणगावला त्येंच्या आईकडं सोडलं.

गोळ्या बंद झाल्या. सुनील दुसऱ्या तालुक्यात गेला. साळुबाई दोन मंगळवार माझ्या जीपनं आरोग्य केंद्रात जाऊन आली. एका मंगळवारी मिटिंग, दुसऱ्या मंगळवारी माल न्हाई. तिचा हात परत मानेमागं जायला लागला आन् चांगदेव बटणं लावताना बोलायचा बंद झाला. मी मंचरच्या दुकानातनं एक पाकीट आणलं, तर तिनं पयलं इचारलं, "बाकी सत्तावीस जणांचं काय?"

तिसऱ्या आठवड्यात मला फोन आला. म्हातारा बायकी आवाज. "दस्तगीर का? मी पानबाई बोलते, प्रितमची आई. एक डबी आहे तुमच्याकडची. घेऊन जा."

मी गेलो. तंबाट्याचा हंगाम, नारायणगावात क्रेटांच्या गाड्यांतनं वाट काढता काढता घामटा निघाला. धरमचंद शेटच्या दुकानामागं घर. पानबाई पाटावर बसलेल्या, सत्तरीच्या पुढल्या. पुढ्यात ती मिसरीची डबी, घासून लख्ख केलेली.

"प्रितम म्हणाला, कुरियरनं पाठवून दे," त्या म्हणल्या. "मी म्हटलं, रिकामी? माझी सासू वरून खाली उतरेल. तो म्हणाला, मम्मी, नियमात बसत नाही. मी म्हटलं, तुझा नियम तुझ्यापाशी. तू फक्त डॉक्टर म्हणून चिठ्ठी लिही, भरायचं मी बघते."

मी झाकण काढलं. आत पाकिटं कापून, एकावर एक दाबून, तीस गोळ्या बसवलेल्या. वर सायबांच्या हातची चिठ्ठी: 'साळुबाई. रोज एक, सकाळी. मोडायची नाही. वाटायची नाही.'

मी डबी आणून साळुबाईच्या हातात दिली, चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली, शेवटलं वाक्य तीनदा. तिनं मान हालवली. सांजच्याला मी घरी गेलो, तर रहिमाबीच्या हातात एक गोळी.

"पल्याडनं वानवळा आला," ती म्हणली.

मी तसाच ओढा वलांडून गेलो. "वैनी, तुमाला डोकं हाय का? तीस गोळ्या. महिनाभर जीव वाचला आसता. सत्तावीस घरांत एकेक वाटली, उरल्या तीन. तीन दिसांनी काय करणार? परत बांधावर पडणार? त्या टायमाला मी दगड फेकत बसणार न्हाई, सांगून ठेवतो." माझा आवाज चढला व्हता आन् शेवटाला जरा फाटला बी.

साळुबाईनं मला बसायला पोतं दिलं. "तुमी कधी निघणार नारायणगावला?" तिनं शांतपणी इचारलं.

"उद्या. क्रेट आणायचेत. का?"

"पानबाईनं एवढं भरून धाडलं. आपल्याकडनं काय जायला नगं का?"

सकाळी जीप काढली तर चांगदेव डोक्यावर डबा घेऊन आला. डबी न्हाई, डबा. पंधरा किलोच्या तेलाचा पत्र्याचा डबा, कडी लावलेला, घासूनपुसून चकाचक. दोन्ही आळ्यांच्या बाया मागं. अठ्ठावीस घरांतनं ओंजळ ओंजळ हातसडीचा तांदूळ गोळा करून डबा गळ्यापातूर भरलेला. मी झाकण उघडलं आन् वास आला.

"ह्ये काय?"

"वर जरा मासळी घातली," सारजाबाई म्हणली. "धरणातली, वाळवलेली."

"अवो, जैनाचं घर हाय ते. देवाला तरी भ्या."

झटदिशी मासळी निघाली, वरचा तांदूळ पाखडून झाला, मासळीच्या जागी हिरड्याची पुरचुंडी गेली. साळुबाईनं डाव्या हाताच्या चांगल्या तीन बोटांनी झाकण दाबून बसवलं आन् माझ्याकडं बघितलं. तवा कुठं माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. मी त्या डब्याकडं बघितलं, त्येच्या पोटाकडं बघितलं, आन् जीपमधी चढता चढता थांबलो.

"वैनी," मी म्हणलं, "ह्येच्यात किती गोळ्या मावतील?"

"मला काय ठाऊक," ती म्हणली. "मोजणारी माणसं तिकडं हायेत."

रविवार व्हता. पानबाईंच्या दारात मी डबा उतरवला. त्यांनी झाकण काढलं, तांदूळ हातात घेऊन हुंगला, खुश झाल्या. सुनेला हाक मारून तांदूळ मोठ्या पिंपात ओतायला लावला. मंग रिकामा डबा पुढ्यात आला. पानबाईंनी त्येच्यात डोकावून बघितलं. वरनं खाली बघितलं, खालनं वर बघितलं. माझ्याकडं बघितलं, तर मी भितीवरच्या क्यालेंडराकडं बघत व्हतो.

"प्रितम," त्यांनी माडीकडं तोंड करून हाक मारली, "पेन घेऊन खाली ये. अठ्ठावीस जणांच्या चिठ्ठ्या लिहायच्या आहेत."